डिग्री झाली की

परदेशातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मी वर्षानुवर्षं एकच पालुपद लावलं होतं: मुलाची डिग्री झाली की आपण कोल्हापूरला परत. लिफ्ट बंद पडली की म्हणायचं, गुडघे दुखले की म्हणायचं, हॉकर सेंटरच्या गाळ्यांवरचं तेच ते जेवण पुढ्यात आलं की म्हणायचं. कंटाळले होते हो मी, अगदी मनापासून. नवरा बँकेतून दमून यायचा आणि नुसती मान डोलवायचा.

त्यात आम्ही पीआर, इथले कायमचे रहिवासी. म्हणजे शाळा संपली की मुलाला दोन वर्षं सक्तीने सैन्यात. झालं, आपलं जाणं आणखी लांबलं, असं मी तेव्हा सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. तिथे त्याला मेडिक केला. जखमा बांधायच्या, सलाइन लावायचं. सुट्टीला घरी आला की बुटांसकट सोफ्यावर आडवा.

पुढे कॉलेजात कळलं, त्या ट्रेनिंगचे डिग्रीत क्रेडिट मिळतात, म्हणजे तेवढे विषय कमी, शिवाय काही विषयांची वर्गात न बसता थेट परीक्षा देता येते. मग काय, पठ्ठ्या हात धुऊन मागे लागला. रविवार नाही की गणपती नाही. पासिर रिसला समुद्रावर नेलं तरी बरोबर पुस्तक. जेवता जेवता पेंगायचा. माझं डोकंच फिरायचं.

"अरे, सगळे पूर्ण वेळ घेऊन करतात ना? तुलाच कसली मेली घाई?"

"रिलॅक्स ला, आई." इथल्या पोरांसारखा वाक्याला 'ला' जोडायचाच.

शेवटचा निकाल लागला तेव्हा मी कणीक मळत होते. तो येऊन ओट्याला टेकला. चेहरा पार उतरलेला, मला वाटलं नापास झाला.

"पास झालो. एक वर्ष वाचलं. आता तिकिटं काढा."

"कसली तिकिटं?"

"कोल्हापूरची. किती दमलीयेस तू, आई. म्हणून तर एवढं केलं."

"आणि तुझं तिकीट?"

"माझं कसं? मला इथे नोकरी बघायचीय. रिझर्विस्टची ड्यूटीपण असणार, सैन्यात अधूनमधून परत बोलावतात."

इतकी वर्षं जायचं जायचं म्हणत होते, त्या जाण्यात हा नसेल, हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. माझ्यासाठी एवढा राबला, आणि मला रडू आवरेना.

"एक वर्ष वाचलंय ना?" मी म्हटलं. "मग ते मला दे. इथेच."