चपलेनं पुसलेली रेघ

सर आधी चपलेनं रेघ पुसायचे, मग पोरांना विचारायचे, "आता खेळ कुठं अडला?"

ती रेघ माझी असायची. नांदूरघाटाकडच्या आमच्या गावात शाळेच्या मैदानावर चुन्याची फक्की मीच टाकतो. पगार नाही, हौस. शाळा दुसरीत सोडली, पण दोरी न लावता सरळ रेघ ओढणारा दुसरा माणूस दाखवा. अशी रेघ कुणी चपलेनं पुसली तर तुम्हाला कसं वाटेल? पहिल्यांदा पुसली त्या दिवशी मला भाकर गोड लागली नाही.

"सर, कवायत घ्या. पोरं रांगेत दिसली पाहिजेत," मी कुंपणावरून म्हणायचो.

"रांगेत ऊस बी उभा ऱ्हातो, तात्या," म्हणायचे आणि पुन्हा पोरांत. एका जागी दोन मिनिटं ठरत नसत. शिट्टी गळ्यात, पण वाजवलेली मी ऐकली नाही. पोरंच खेळ ठरवायची, भांडायची, मोडायची. सर मधे उकिडवं बसून नुसतं विचारायचे. ह्याला शिकवणं म्हणतात का, असं मी पारावर चार माणसांत बोललो, हे कबूल करतो.

माझी नात सुमी तेव्हा तिसरीत. दिवाळीच्या आधी आईबापासंगं ऊसतोडीला गेली, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत आली. तोवर पोरांचे खेळ पुढं गेलेले. त्यांनी तिला कच्चं लिंबू केलं. म्हणजे पळायचं, पण बाद धरायचं नाही, राज्यही द्यायचं नाही. पोरांना वाटलं, आपण तिच्यावर मेहेरबानी केली. ती पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसली.

घरी म्हणाली, "आजोबा, पुढल्या साली बी मी फडातच जाते. तिथं मला मोजत्यात तरी."

पुढल्या साली तिला माझ्याजवळ ठेवायचं मी पोराशी भांडून ठरवलं होतं. आता तीच नको म्हणाली. सरांना सांगावं वाटलं, पण ताठा आडवा आला.

सरांनी मात्र टाकीकडं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी रेघ पुसून त्यांनी विचारलं, "सुमी कच्चं लिंबू कावून?"

"ती लगीच बाद होती, सर."

"मग बाद झालेल्यानं काय करायचं? सुमे, फडात कुणी दमलं तर काय करत्यात?"

"बसवत न्हाईत," ती खाली बघत म्हणाली. "मोळी बांधायला लावत्यात."

त्यातून खेळ निघाला. बाद झालेल्यांनी हात धरून मोळी व्हायचं. न तुटता गोलात पोचली की सगळी सुटली. गोल म्हणजे ट्रक.

"तात्या, गोल काढा," सरांनी हाक मारली.

मी सरळ रेघेचा माणूस. गोल भोपळ्यासारखा आला. पोरं हसली.

"ऱ्हाऊ द्या," सर म्हणाले, "ट्रक तरी कुठं सरळ लावत्यात."

दसरा झाला, ऊसतोडीची टोळी निघाली. बाप म्हणाला, "चल, सुमे." ती म्हणाली, "उद्या राज्य माझ्यावर हाय." आणि राहिली.

यंदा सरांची बदली अंबाजोगाईकडं झाली. निरोपाला मी कुंपणापर्यंत गेलो आणि माघारी आलो. तुमचं बरोबर होतं, एवढंच सांगायचं होतं.

नव्या सरांना रांगा आवडतात. माझ्या रेघांची तारीफ करतात. बाद झालेली पोरं टाकीजवळ बसतात. काल सुमीही बसली होती. टोळी निघायला आठ दिवस राहिलेत. माझा पाय घरात ठरत नाही.

आज घंटेच्या आधी मैदानात गेलो. माझीच रेघ चपलेनं पुसली. लई वेळ लागला, फक्की चिवट असते. मग भोपळ्यासारखा गोल काढला. पोरं आली. गोलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आता काय, आजोबा?" सुमीनं विचारलं.

सरांसारखं उकिडवं बसायला गेलो, गुडघ्यांनी बसू दिलं नाही. उभ्यानंच विचारलं, "खेळ कुठं अडला, सांगा."