हवालदारांच्या अंगणातला बल्ब

पांढरी कोंबडी हायवेच्या मधोमध उभी होती आणि पोलादपूरकडून ट्रक येत होता. दिवस नुकताच बुडाला होता. माझ्या एका हातात डालगं, दुसऱ्या हातात मोबाईल. मोबाईलवर आमचे हवालदार, म्हणजे माझे मालक.

"पोझिशन सांग."

"पंक्चरवाल्याच्या समोर. दोन रस्त्यावर हायत. तीन त्याच्या ट्यूबलाइटखाली."

"गाडी?"

"ट्रक येतोय."

"तू रस्त्यात जायचं नाय. हुकूम हाय."

"हुकूम ठेवा खिशात."

मी पाय पुढे टाकला. पंक्चरवाल्या अन्वरने मागून दंड धरला. "चाची, मरायचं हाय का?" ट्रक गेला. मधली कोंबडी उडाली नाही, पळाली नाही. ती चाकाखाली आली, तिच्या मागचीही. मोबाईलवर आवाज चालूच होता.

"रिपोर्ट दे. शेवंता, रिपोर्ट दे."

"दोन गेल्या."

मग, "आणि तू?"

"मग बोलतंय कोण?"

माजी सैनिकांच्या अंकासाठी आमच्या हवालदारांकडे आठवण मागितली होती. त्यांचा हात थरथरतो. म्हणाले, "तू लिही. जे झालं तेवढंच लिही." माझे शिक्षण चौथीपर्यंत. लढाई मी पाहिली नाही. मी हे पाहिले, म्हणून हे लिहिते.

या पाच कोंबड्या बिरवाडीच्या पलीकडच्या एका शेडमधून आणल्या. अंडी कमी झाली की शेडवाले त्या काढून टाकतात. मला खाण्यासाठी नको होत्या. महापुरात माझ्या गावठी कोंबड्या खुराड्यासकट वाहून गेल्या, तेव्हापासून अंगण गप्प होते. हवालदार म्हणाले, "आण. पण एक बी दगावली तर पुन्हा कोंबडीचं नाव काढायचं नाय." मी कबूल केले.

डालग्यातून काढून जमिनीवर ठेवल्या, तर जिथे ठेवल्या तिथेच उभ्या राहिल्या. आयुष्य पिंजऱ्यात गेलेले. चोची बोथट केलेल्या, तुरे फिके. माती उकरायची असते हे ठाऊक नाही. कणी टाकली तर माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. हवालदार ओट्यावरून बघत होते. "रिक्रूट हायत," म्हणाले. "आधी जागा दाखव. कवायत मागनं."

नवीन कोंबडी लगेच मोकळी सोडायची नसते. पहिले काही दिवस मी त्यांना खुराड्यातच ठेवले. दाणा तिथेच, पाणी तिथेच. कोंबडी जिथे खाते आणि झोपते, ते तिचे घर. खाली भाताचा पेंढा टाकला, आडवा बांबू बांधला. बांबूवर एकही चढेना. संध्याकाळी एकेक उचलून मी बसवायची, त्या धपकन खाली उतरायच्या. मग एक दिवस एकीने आपणहून पायाने माती ओढली. हवालदार ओट्यावरून ओरडले, "शाब्बास!" मला आजवर कधी म्हणाले नाहीत.

त्यानंतर मी त्यांना अंगणात सोडले. वाटले, अंधार पडला की आत जातील. गावठी कोंबडी जाते. या गेल्या नाहीत. मी चुलीपाशी होते. बाहेर आले तर अंगण रिकामे.

हायवेवरून उरलेल्या तिघी घेऊन आले तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. अन्वरच्या ट्यूबलाइटखाली त्या तिघी बसल्या होत्या, तोंडे उजेडाकडे करून, अगदी शेडमध्ये बसायच्या तशा. शेडमध्ये दिवस मावळल्यावर बल्ब लागायचा. उजेड असेल तिथे घर, एवढेच त्या शिकल्या होत्या. आणि आमच्या अंगणात दिवा लागत नाही.

हे आमच्या वाडीत सगळ्यांना माहीत आहे. "हवालदारांकडं ब्लॅकआऊट," असे म्हणून हसतात. रिटायर होऊन आले तेव्हापासून ओट्यावर बल्ब नाही. स्वयंपाकघराची खिडकी मी दिवेलागणीला लावून घेते. कारण विचारले की एकच उत्तर, "उजेड म्हणजे पत्ता." मी जास्त विचारले नाही. माणसाच्या चार खोडी असतात.

त्या संध्याकाळी मेलेल्या दोघींना परसात पुरले आणि हवालदारांसमोर जाऊन उभी राहिले.

"खुराड्यात बल्ब लावायचा."

"नाय."

"मग ह्या तीन बी हायवेवर जातील."

"कडी घालून ठेव कायमची."

"मग शेड काय वाईट व्हती?"

ते उठायला लागले.

"आणि एक दगावली तर कोंबड्या बंद, असं तुमी म्हणालात. दोन दगावल्या. ट्रकनं नाय मारल्या. तुमच्या अंधारानं मारल्या."

एवढे कडक मी त्यांना कधी बोलले नव्हते. ते न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून ते महाडला गेले. वायर, होल्डर, बल्ब घेऊन आले. गुडघे वाकत नाहीत, तरी स्टुलावर बसून स्वतः जोडणी केली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "बाजूला हो."

ऊन असतानाच बटण दाबले. मी कोंबड्यांना हात लावला नाही. बाहेर अंधारू लागले तशी एकीने मान वर केली. खुराड्यापाशी गेली, दारात थांबली, आत गेली. मग दुसरी. तिसरी शेणखताच्या ढिगावर होती, ती उड्या मारत आली. बांबूवर चढल्या नाहीत. पेंढ्यात बसल्या. मी कडी लावली आणि बल्ब बंद करायला वळले.

"ऱ्हाऊ दे थोडा वेळ," हवालदार म्हणाले.

त्यांनी खुर्ची फणसाच्या खोडामागे नेली होती. उजेड त्यांच्यावर पडत नव्हता. पायवाटेने जाणारा आमचा चुलत दीर थबकला. "काय हवालदार, लढाई संपली वाटतं?"

"पुढं चल. थांबू नको."

तो हसत गेला. मी ओट्याच्या पायरीवर बसले. बऱ्याच वेळाने खोडामागून आवाज आला.

"सदाशिव व्हता ना गो, पोलादपूरकडचा. लान्स नायक."

"व्हता. लग्नात आला व्हता आपल्या."

"पोस्टवर त्यानं बुटाची नाडी बांधायला टॉर्च लावला. हातानं झाकून. एवढासाच उजेड. त्यावरच गोळी आली."

मला इतकी वर्षे ठाऊक होते की सदाशिव चकमकीत गेला. नाडीचे ठाऊक नव्हते.

"तुमी कुठं व्हतात?"

"त्याच्या बाजूला."

मग ते उठले आणि जेवायला आत आले. बल्ब मी बंद केला.

तिन्ही कोंबड्या जगल्या. त्या पोस्टवर सदाशिव गेला. त्याच्या बाजूला बसलेले आमचे हवालदार वाचले.