चांगल्या मुलांची संगत

आमच्या वडिलांना आयुष्यभर एकाच गोष्टीची धास्ती होती, आमच्या संगतीची. मिरजेला रेल्वेत नोकरी, ड्युटी कधीही लागायची, त्यामुळं आपल्या मागं मुलं कुणात मिसळतात हा घोर कायम. संध्याकाळच्या प्रार्थनेत दादाला आणि मला देवाच्या हाती सोपवायचे आणि आमेन म्हणून झालं की लगेच दादाला विचारायचे, "पानपट्टीवर तुझ्याबरोबर आज कोण उभं होतं?"

दादाचा शाळेपासूनचा एक दोस्त होता. टेम्पो चालवायचा, मावा खायचा, गल्लीला ऐकू जाईल असं हसायचा. वडिलांनी एकदा त्याला दारातूनच परत पाठवलं. दादा तसा मऊच होता. आईचं डोकं दुखलं तर कुणी न सांगता चपात्या लाटायला बसायचा, वाकड्यातिकड्या का होईना.

दादा कुपवाडच्या एका कारखान्यात लागला, त्याच वर्षी चर्चच्या तरुण संघाचं शिबिर वाईजवळ झालं. तिथून तो नवे मित्र घेऊन आला. इस्त्रीचे शर्ट, चेनच्या कव्हरातलं बायबल, तंबाखू नाही, बाटली नाही, पोरींकडं वर मान करून बघणं नाही. वडिलांनी देवाचे आभार मानले. मीही मानले.

रविवारी उपासना झाली की ही मुलं आमच्या बाहेरच्या खोलीत बसायची. मी चहा द्यायला जायची, तेव्हा कुणाचं तरी नाव चाललेलं असायचं. अमक्याची मुलगी ऑफिसातल्या कुणाबरोबर तरी गाडीवर दिसली. तमक्यांच्या घरी गणपतीचे मोदक खाल्ले. याला ते चहाडी म्हणत नसत. "त्या कुटुंबाविषयी आमच्या मनावर ओझं आहे," म्हणायचे. त्यांच्यातला थोरला एका कॉलेजात शिकवायचा. आवाज कधी चढवायचा नाही. बोलण्याआधी डोळे मिटायचा, मग हळूच उघडायचा. काही महिन्यांत दादाही डोळे मिटून बोलायला लागला. मला नावानं हाक मारणारा माझा भाऊ मला "भगिनी" म्हणायला लागला. आधी मला गंमत वाटली.

तेव्हा आमच्याकडं आत्या राहायची. वडिलांची थोरली बहीण, पलूसला दिलेली. मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्यावर वडील तिला घेऊन आले. तिला वाचता येत नव्हतं, पण चर्चमधली सगळी गीतं तोंडपाठ. शेजारी जतकडचं एक धनगर कुटुंब होतं, मुलगे आता कारखान्यात, म्हातारा अजून मेंढरांमागं गावाकडंच. त्या घरच्या बाईशी आत्याचं जमलं ते जमलंच. दुपारी दोघी आमच्या पायरीवर मेथी निवडत बसायच्या, एकमेकींची दुखणी ऐकायच्या.

त्या बाईच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. बायका जमल्या, पाटाभोवती हिरव्या साड्यांची गर्दी. आत्या आपली मागं भिंतीला टेकून बसलेली. ती बाई सरळ तिच्यासमोर आली.

"अक्का, पयली ओटी तुमी भरायची."

"मी? अगं, मला नवरा न्हाई."

"नसू दे. तुमच्याइतकी माया हितं कुणाची हाय?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. ती ऐकेना. आत्या उठली आणि तिनं त्या पोरीची ओटी भरली. मी तिथंच होते. माझ्या आत्याला आमच्या नात्यागोत्यात, आमच्या चर्चमध्ये, कुणी असं पुढं बोलावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कुणीतरी त्याचे फोटो काढले होते, ते चर्चमधल्या कुणीतरी पाहिले. रविवारी उपासनेनंतर चौघं घरी आले, दादा धरून पाच. आत्यानंच त्यांना चहा केला.

थोरला म्हणाला, "आत्याबाई, आम्ही प्रेमानं विचारतोय. तुम्ही ओटी भरलीत?"

"व्हय, भरली की."

"कुंकू लावलंत?"

"पोरीला लावलं. मला कोण लावतंय, बाबा?"

"ती मूर्तिपूजकांची रीत आहे."

"पोटुशी पोर हाय ती. बाळंतपण नीट हुंदे म्हणून मी मनात येशूचं नाव घेतलं. ते चुकलं का?"

थोरल्यानं डोळे मिटले. बोलला तो दादा. "मंडळीसमोर उभं राहून क्षमा माग, आत्या. तोवर प्रभुभोजन घेऊ नकोस." शब्द त्याचे नव्हते, आवाजही त्याचा नव्हता. आत्या त्याच्याकडं बघत राहिली. ताप आलेल्या माणसाकडं बघावं तशी.

तिनं क्षमा मागितली नाही. कशाची मागायची तेच तिला कळलं नव्हतं. पुढच्या प्रभुभोजनाला ती नेहमीसारखी पांढरं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली. आमच्याकडं येशूच्या आठवणीत मोडलेल्या भाकरीचं ताट ओळीतल्या प्रत्येकापुढं धरतात. त्या दिवशी ताट दादाकडं होतं. माझ्यापुढं धरलं, मी तुकडा घेतला. आत्यानं हात पुढं केला. दादानं ताट तिच्यावरून उचलून पलीकडच्या बाईपुढं धरलं.

आत्याचा हात तसाच राहिला. मी माझा तुकडा मोडून तिला द्यायला गेले. तिनं माझी बोटं मिटवली. "खा तू," म्हणाली.

पाळकसाहेबांनी पाहिलं होतं. ते त्या मुलांना बिचकून असत, त्यांनी पुढचं गीत सांगितलं. घरी वडील म्हणाले, "पोरांचा हेतू चांगला आहे." टेम्पोवाल्याला दारातून हाकलणारे माझे वडील!

त्याच आठवड्यात आत्या पलूसला दिराच्या मुलाकडं निघाली. स्टँडवर मी रडत होते, शिव्या देत होते. ती म्हणाली, "त्यो वाईट न्हाई गं. त्याला त्यांच्यात बसायचंय, एवढंच. लय भ्या वाटतं त्याला एकटं पडायचं."

मला ते तेव्हा पटलं नाही. आता पटतं, आणि त्यानं राग कमी होत नाही, वाढतो. आम्ही एका घरात, एकाच ताटात जेवलो, एकच वचन ऐकलं. येशूवर लोकांनी ठपका ठेवला तो भलत्या माणसांच्या पंगतीला बसतो म्हणून, हे दादालाही माहीत होतं. पण माणूस ज्यांच्यात बसतो त्यांच्याकडून नुसती व्यसनं उचलत नाही. कुणाची कीव करायची आणि कुणाची नाही, हेही तिथंच शिकतो. वडिलांनी आमच्या तोंडाचा वास घेतला, ते कधी तपासलं नाही.

दोन वर्षांनी आत्याला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. शेजारची बाई सुनेला आणि नातवाला घेऊन आली. वॉर्डाबाहेर चटई टाकून तिथंच राहिली, डबे आणले, पाय चेपले. दादा मित्रांना घेऊन एकदा आला, खाटेपाशी उभ्यानं प्रार्थना करून गेला. आत्याच्या दफनाच्या वेळी त्यानंच मोठी प्रार्थना केली. सुंदर केली. बायका रडल्या. एकजण माझा हात धरून म्हणाली, "नशीबवान आहेस, असा भाऊ मिळायला."

दादा आता चर्चच्या कमिटीत पंच आहे. तरुण संघाची शिबिरं तोच घेतो. गेल्या महिन्यात घरी आला आणि माझ्या मुलीला शिबिराला पाठव म्हणाला. ती सोळा वर्षांची आहे. तिच्या मैत्रिणी चालल्यात.

"चांगली मुलं असतात," तो म्हणाला.

मी विचारलं, "आत्यापुढून ताट का उचललंस?"

त्यानं डोळे मिटले. "आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ते."

"मी तुला विचारतेय."

"आम्ही प्रार्थना करून ठरवलं होतं, भगिनी."

मी मुलीला पाठवलं नाही. ती माझ्याशी धड बोलत नाही अजून. सगळ्या मैत्रिणींनी वाईचे फोटो टाकलेत, ते ती मला दिसतील असे उघडून बसते. तिनं कारण विचारलं तर मला सांगता येत नाही. तिच्या मामाबद्दल सगळे चांगलंच बोलतात.