बेअरिंगमधल्या अक्षता

बेअरिंग बोटावर फिरवलं अन् खरखर वाजलं. कडेवर पोरगी, हातात बेअरिंग, अन् त्याच्या गोळ्यायच्या मधात हळद, कुंकू, तांदळाची कणी. सासूबाईनं दसऱ्याच्या पूजेत पान्या-हातोड्यासंगं हेबी पुजलं होतं, अन् चांगलं मन लावून.

आमचं गॅरेज नेरडीगोंड्याले, हायवेवर, घराले लागूनच. दिराच्या शर्यतीच्या मोटरसायकलचं इंजिन ह्यायनं खोललं होतं. शर्यत सरळ रस्त्याची, पापणी लवली का संपली. त्याच्यासाठी हे समोर दोन कॅमशाफ्ट, म्हंजे इंजिनच्या झडपा उघडनारे नाकवाले दांडे, ठेवून डोकं खाजवत बसले. मले पाहाले आले तवाबी एवढा इचार केला नव्हता. उंच नाकाचा पळते लय, पण सुटतानाच गाडी दम टाकते म्हने. म्हनून बुटका घेतला. त्याच्या टोकाचे बेअरिंग तर मुद्दाम सैल आनले.

"पैसे देऊन सैल माल आनते का कोनी?" सासूबाई म्हनल्या.

"तापलं का बरोबर बसते, आई."

"तुह्या बापाचंबी असंच होतं."

आता त्यातलंच हे पुजलेलं बसवलं अन् भर पळतीत जाम झालं, तर दीर रस्त्यावर पडनार. मी पोरगी खाली ठेवली. म्हनलं, "आई, पेट्रोलनं धुवून टाकू का?"

"पुजलेलं उद्यापर्यंत हलवत नसते. देवी पाहून राह्यली."

"देवी थोडीच गाडीवर बसनार हाय, आई. भावजी बसनार हायेत."

त्यायनं बेअरिंगकडं पाह्यलं. तेवढ्यात हे अन् दीर आदिलाबादच्या बसमधून उतरून आले, मांगं दिराचे दोस्त. ह्यायनं बेअरिंग उचललं, कानाशी फिरवलं.

"हे कोनी केलं?"

सासूबाई पदराचं टोक पिळून राह्यल्या होत्या. सनाचा दिवस, दारात पोरं उभी, अन् तोंड एवढंसं झालेलं.

"मी," म्हनलं. "मले वाटलं देवीनं याच्यावरबी लक्ष ठेवावं."

पोरं फिदीफिदी हसली. ह्यायनं ते बेअरिंग बाजूले टाकलं अन् फळीवरचं तसल्याच बेअरिंगचं नवं कोरं पुडकं फोडलं. माहा जीव भांड्यात पडला.

तवा सासूबाईले वाचा फुटली. "मी सांगूनच राह्यली होती, हात लावू नोको म्हनून. आजकालच्या सुना आयकते काय?"

मी त्यायच्याकडं पाह्यलं. त्या मस्त पोरीले तीट लावून राह्यल्या होत्या.

आता तुमीच सांगा, माह्या जागी तुमी असते तर खरं सांगून टाकलं असतं, का माह्यासारखं गुमान आयकून घेतलं असतं?