गाठ न सोडता

सुरुवातीलाच वाचकांची क्षमा मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलं नव्हतं. वडिलांना अंगठा उठवता येतो. आईला तोही कधी उठवावा लागला नाही. अशा घरातला मुलगा नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षं काढतो आणि लगेच चार लोकांनी वाचावं असं काही लिहायला बसतो, हे मला स्वतःलाच बरं वाटत नाही. वसतिगृहातले माझे सोबती आठवणी सांगतात तेव्हा त्यांत मोठ्या सभा असतात, मोठी माणसं असतात. माझ्याकडे एक गल्ली आहे, आणि ती रुंद करायला आम्हाला एक अख्खा उन्हाळा लागला, एवढंच आहे. ते तरी नीट सांगता येईल की नाही, शंका वाटते.

आमचं गाव चांदा जिल्ह्यात, आरमोरीपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गावाच्या तोंडाशी आखर आहे, म्हणजे रानात जाण्याआधी सकाळी सगळ्या गावची गुरं जिथे जमतात ती मोकळी जागा. आखरावरून आमची गल्ली निघते. दोन्ही बाजूंना कुडाची घरं, प्रत्येकाच्या मागे सांदवाडी; तिच्यात वांगी, मिरच्या, वालाचे वेल. शेवटी दोन गोंडांची घरं, त्यापुढे धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि मग जंगल. आणि अगदी सुरुवातीला, आखराला लागून, मोठी मायचं घर.

ती आमच्या नात्यातली नव्हती. वडिलांच्या थोरल्या भावाच्या बायकोला आमच्याकडे मोठी माय म्हणतात. पण ती सगळ्या गल्लीचीच मोठी माय होती, माझी आणि माझ्या वडिलांचीही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीच्या घरात एकटी राहायची, आणि गल्लीतून येणाराजाणारा प्रत्येक माणूस तिच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे सरकत नसे. सरकता येतही नसे, कारण तिच्या घराचा कोपरा गल्लीत इतका पुढे आला होता की माणूस अंग चोरूनच जायचा. बैलगाडी तर शिरतच नव्हती. धानाची पोती आखरावर उतरवायची आणि डोक्यावरून घरी न्यायची, ही आमची जुनी रीत.

मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी आलो त्याच्या आदल्या पावसाळ्यात गोंडांच्या घरची सून बाळंतपणात अडली. तिला खाटेवर घालून चिखलातून आखरापर्यंत न्यावं लागलं, तिथून गाडीने आरमोरीच्या दवाखान्यात. बाई वाचली, मूलही वाचलं. पण त्या दिवशी चिखलात दोनदा खाट टेकवावी लागली, हे कोणी विसरलं नाही. गल्ली मोठी केलीच पाहिजे, असं सगळ्यांत आधी बोलली ती मोठी मायच.

मी परीक्षा देऊन आलो त्या उन्हाळ्यात सायकलवर बसून एक तरुण ग्रामसेवक आमच्याकडे येऊ लागले. त्यांनी गल्लीला आखरावर बसवून श्रमदानाची गोष्ट सांगितली.

"श्रमदान म्हंजे काय जी, साहेब?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता, गावाचं काम करायचं."

"अन् आतापर्यंत आमी काय करून राह्यलो होतो?"

"तेच," साहेब हसून म्हणाले, "पण आता त्याला नाव आहे."

मी शिकलेला, म्हणून मोजायच्या दोरीचं एक टोक माझ्या हाती आलं. दोन गाड्यांपैकी एक उभी असताना दुसरी निघाली पाहिजे, एवढी रुंदी ठरली. कोणाचं कुंपण हातभर मागे, कोणाची पडवी वीतभर. एकाने हातभर दिलं की समोरचा म्हणायचा, "मंग मी का भिकारी हाओ? माह्यं दीड हात घ्या." त्यामुळे आमची गल्ली मध्येच उगाच पोट सुटल्यासारखी फुगली आहे, ती आजही तशीच आहे. चुना टाकत आम्ही आखराशी आलो, आणि चुन्याची रेघ मोठी मायच्या चुलीवरून गेली.

पुढे कोणी दोरी ओढेना. साहेबांना कारण कळलं नाही. ते उत्साहाने म्हणाले, "आजी, घर मागे सरकवून नवीन बांधून देऊ. वर भाजलेले कवेलू घालू. हे तणसाचं गवती छप्पर तरी कशाला हवं?"

"भिंती पाडा," मोठी माय म्हणाली. "मातीचं काय, माती कुठीबी भेटते. पन छप्पर सोडू देनार नाई."

"काऊन, मोठी माय?" काकांनी विचारलं. "तणस तं तू दरसाल बदलते."

"तणसाचं कोन म्हणते? सांगाडा म्हणते मी. लग्नाच्या साली त्यानं बांधला. पळसाच्या मुळ्या कुटून दोर केला अन् एकेक गाठ त्यानं हातानं मारली. एकदा सोडली तं मंग कोन बांधन? तू बांधशील?"

"बांधीन ना मी."

"तुले आपल्या धोतराची गाठ तं धड मारता येत नाई."

काका सगळ्यांत मोठ्याने हसले, पण काम थांबलं. पुढचे कित्येक दिवस गल्ली तिच्या दाराशी जायची आणि चहा पिऊन परत यायची. कोणी जबरदस्तीचं बोललं नाही. आमच्याकडच्या माणसाला मोठी मायला ढकलून गाडी पुढे नेता आली नसती. आणि तिलाही कळत होतं की पुन्हा कोणाची सून अडली तर खाट तिच्याच कोपऱ्याशी अडकणार. ती जेवेनाशी झाली. माझ्या आईने भाजी नेऊन दिली तरी ताट तसंच पडलेलं दिसे.

शेवटी एका सकाळी आमच्या पडवीत पुरुष मंडळी पुन्हा तोच काथ्याकूट करत बसली असताना आई आतून बाहेर आली. मोठ्या माणसांपुढे ती सहसा बोलत नाही.

"लग्नाचा मांडव चार घरं पलीकडे उचलून नेता तुमी," ती म्हणाली. "सारी गल्ली मिळून एक छप्पर उचलत नाई? सोडा म्हणून कोन सांगते? आख्खंच न्या ना."

मोठी मायची स्वतःची सांदवाडी नव्हती; तिच्या घरामागे आमचीच होती. वडील उठले आणि वांग्याची झाडं उपटू लागले. तेच त्यांचं उत्तर होतं.

नवीन जागेवर सागाचे खांब रोवले, कूड विणला, बायकांनी माती लिंपली. जुन्या छपराची तणस काढून टाकली तेव्हा आतला बांबूचा सांगाडा पहिल्यांदा उघडा पडला. धुराने काळा झालेला, आणि जिथे तिथे त्या गाठी. मी जवळून पाहिल्या. सगळ्या एकसारख्या नव्हत्या. घाईतल्या होत्या, निवांत मारलेल्याही होत्या. कोणी त्यांना हात लावला नाही.

खालून लांब बांबू आडवे घातले आणि सगळी गल्ली खांदा द्यायला उभी राहिली. गोंडांच्या घरचे मामाजी जंगलातून लाकूड वाहून आणताना गोंडीत हाळी देतात, तशी त्यांनी दिली. शब्द आम्हाला कळले नाहीत, पण खांदे एकदम वर गेले. साहेबांनीही चपला काढून खांदा दिला होता.

"हळू जी," बायका ओरडत होत्या, "नवरीची डोली हाये ते!"

मोठी माय आमच्या पडवीत पाठ करून बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. आई तिच्याजवळ होती.

"कुठी आलं?"

"येऊन राह्यलं."

"गाठ सुटली का एखादी?"

"नाई सुटली, मोठी माय."

"पाह्यलं का तू नीट?"

"पाह्यलं."

छप्पर आलं, नव्या खांबांवर बसलं, आणि मगच आमच्या लक्षात आलं की आखराकडचा एक कोपरा चार बोटं खाली बसला आहे. सांगाडा जुन्या खांबांच्या मापाचा होता, नवे खांब आम्ही आपल्या मापाने रोवले होते. साहेब म्हणाले की त्या कोपऱ्यातल्या दोनतीन गाठी सोडून बांबू वर घेतला तर सरळ होईल, नाहीतर पावसाचं पाणी तिथेच साचेल. सगळ्यांनी मोठी मायकडे पाहिलं. ती एकेका गाठीवरून नजर फिरवत होती.

"राहू द्या," एवढंच ती म्हणाली.

तिचं छप्पर पावसात टिकेल का, हा प्रश्न मनात घेऊनच मी कॉलेजसाठी नागपूरला निघालो. गल्लीत मुरूम पडला होता. मला पोचवायला गाडी आमच्या दारापर्यंत आली, आणि तिच्यात चढायला मला उगीच लाज वाटली. मग पाऊस सुरू झाला आणि वैनगंगेपलीकडची वाट बंद झाली. गावाकडून येणारं कोणी भेटेना. वसतिगृहाच्या पक्क्या छताखाली झोपताना मला त्या खाली बसलेल्या कोपऱ्याची आठवण येई. ते गळलं तर तिला गाठी सोडाव्या लागणार होत्या, आणि सोडल्या तर ती कशी राहील, ते मला सुचत नव्हतं.

दसरा उलटल्यावर शेजारचे काका डोळा दाखवायला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आले आणि मला शोधत वसतिगृहावर पोचले. धान बरं आहे म्हणाले. गल्लीत गाडी शेवटच्या घरापर्यंत जाते म्हणाले. आई बरी आहे, वांगी नव्या जागी लावली आहेत. मला राहवेना.

"काकाजी, छप्पर?"

"गळते ना! त्या कोपऱ्यात धो धो गळते. खाली मडकं ठेवते अन् बसते."

"मग नीट करून काऊन नाही घेत?"

"गेल्तो ना आमी. सारी गल्ली गेल्ती. जन्मभर ज्यानं त्यानं आयकलं तिच्या तोंडून का माह्या घरात थेंब गळत नाई. अन् आता म्हणते, जा जी आपापल्या घरी, त्यानं बांधलं तवापासून हे तिथी गळूनच राह्यलं."

"मग?"

"मंग काय? आमी म्हणलं, हो मोठी माय, गळतच होतं. अन् वापस आलो."