ताईचा शेवटचा बॉस

आई-बाबा गेल्यापासून ताईचं माहेर म्हणजे मुकुंदवाडीतला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट. दिवाळी झाली की ती देवगाव रंगारीहून येते, दोन दिवस राहते आणि त्यातला दीड दिवस माझे डबे घासण्यात घालवते. यंदा मी आधीच बजावलं होतं, डब्यांना हात लावायचा नाही. गेम आणलाय.

"कुठला?" ताईनं पिशवी खाली ठेवायच्या आतच विचारलं.

"तोच. आपल्या बुटक्याचा. नवीन भाग."

हा बुटका म्हणजे लहानपणी आमच्या घरातला तिसरा माणूस. कुऱ्हाड घेऊन उड्या मारत जायचा, खड्डे ओलांडायचा, राक्षसांची डोकी फोडायचा. कॅसेटमध्ये फुंकर मारली की सुरू, आणि रिमोट कायम ताईच्या हातात. माझं काम शेजारी बसून "मागं बघ, मागं बघ" असं ओरडायचं. एकदाच, फक्त एकदाच, ताई शेवटच्या बॉसच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या राक्षसाच्या, दारात पोचली होती. तेवढ्यात लाईट गेली. त्या काळात गेम सेव्ह वगैरे होत नव्हता, लाईट गेली म्हणजे सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून खेळायला फुरसत मिळायच्या आत तिचं लग्न ठरलं. शेवट कसा असतो ते तिनं पाहिलंच नाही. मी एकटीनं खूप खटपट केली, पण दुसऱ्याच किल्ल्यात माझा खुर्दा उडायचा.

तर ताईला या खेपेला शेवट बघायचा होता. असं ती म्हणाली नाही, ती कधीच काही म्हणत नाही. पण चहा अर्धा टाकून रिमोट मागितला, तेव्हाच मला कळलं. माझी ताई मेली तरी चहा टाकत नाही.

खेळायची तिची पद्धत अजून तीच. बुटक्यानं उडी मारायची असली की ताईसुद्धा गादीवरून वीतभर वर उठते. राक्षसाला "ए मेल्या, सरक की" म्हणते. जीव वाचला की रिमोट कपाळाला लावते. पन्नाशीला टेकलेली बाई, सुनेचा शोध चाललाय, आणि इथं आग ओकणाऱ्या बेडकाशी भांडण. मी हसले की माझ्या मांडीवर चापट.

पण खरी गंमत जेवायच्या वेळेला झाली. मी म्हटलं, "बंद कर आता, जेवून घेऊ." ताई माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी घर पेटवायला सांगितलं.

"बंद? येडी झालीस का? आत्ताशी तिसरा किल्ला झालाय."

"अगं, सेव्ह होतं ते आपोआप. कोपऱ्यात ते चाक फिरतंय ना, तेच ते."

"फिरतंय त्याचं काय खरंय? पंखाबी फिरतो."

आणि तिनं लहानपणी करायची तेच केलं. गेम पॉज केला, टीव्ही बंद केला, गेमचं मशीन चालूच. रात्रभर चालू! वर आणि "तापलंय बिचारं" म्हणून टेबलफॅन त्याच्यासमोर नेऊन ठेवला. मी डासांनी बेजार, आणि मशीनला वारा. सकाळी मी झाडू मारताना वायरीला पाय लागला तर आतून ओरडली, "बघून! बघून!" मी तिला सेव्हचं पुन्हा समजावून सांगितलं. ती "व्हय व्हय" म्हणाली आणि बोर्डाजवळ खुर्ची घालून बसली, कुणी बटण दाबू नये म्हणून. कुणी म्हणजे मीच.

दुपारी ती शेवटच्या बॉसच्या दारात पोचली. आणि अहो, लाईट गेली.

मला हसूच आलं असतं, पण ताईकडं बघितलं आणि आलं नाही. ती ओरडली नाही, चिडली नाही. रिमोट गादीवर ठेवला, पदर सारखा केला. "जाऊ दे. आपल्या नशिबात नाय ते," असं म्हणून सरळ पिशवी भरायला लागली. साडी घडी करताना तिचे हात जरा जास्तच जोरात चालले होते. मला इतकं वाईट वाटलं की मी तिला ओढून टीव्हीसमोर बसवलं आणि म्हटलं, "लाईट येईपर्यंत इथून हललीस तर याद राख."

लाईट आली. मशीन लावलं. बुटका त्याच दारात उभा, कुऱ्हाड खांद्यावर.

ताई स्क्रीनच्या अगदी जवळ गेली. "माझी ढाल हाय का?"

"आहे."

"आन् चाव्या?"

"सगळं आहे, बाई."

तिनं स्क्रीनवर बोट टेकवून चाव्या मोजल्या. मग म्हणाली, "म्हंजे हे जमतंय. मग आपल्या वेळी उगंच रडवलं की आपल्याला."

आणि आत शिरली. बॉस म्हणजे डोंगराएवढा खेकडा. पहिल्या फटक्यात आमचा बुटका चटणी. पुन्हा. पुन्हा चटणी. तेवढ्यात तिला न्यायला दाजी दारात हजर. गावाकडं कापसाची वेचणी चाललीय, सकाळी बाया वावरात येणार, म्हणून दोघांना अंधाराच्या आत पोचायचं होतं.

"आवरलं का?" दाजींनी विचारलं. दाजी माणूस वाईट नाही, पण बसायची सवय नाही त्यांना. आणि ताईला त्यांना थांबवायची नाही. तव्यावर भाकरी असली तरी त्यांच्या हाकेला ती उठते, हे मी पाहिलंय.

ताईचं बोट अडखळलं. खेकड्यानं नांगी मारली.

"मेला की तो," दाजी म्हणाले. "चल आता."

ताईनं रिमोट माझ्यासमोर धरला. "तू संपव. मला फोनवर सांग काय होतंय ते." मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. म्हटलं, "मी नाही घेत. तुला बघायचं असेल तर तूच बघ." रागच आला होता मला, खेकड्याचा नव्हे, तिचाच.

तिनं रिमोट पुन्हा आपल्याकडं ओढला. मग स्क्रीनकडं तोंड केलं आणि मान न वळवता म्हणाली, "बसा."

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी चहा टाकायला पळाले.

कप घेऊन आले तर दाजी गादीच्या कडेवर बसून ओरडत होते, "डावीकडं! अगं डावीकडं, तिथं कशाला मरायला जातीस!" आणि ताई म्हणत होती, "गप बसा जरा." दाजी खरंच गप बसले. खेकडा उलथा झाला तेव्हा आधी तेच उभे राहिले.

मग बुटका एका टेकडीवर जाऊन बसला, सूर्य उगवला, आणि खालून वर नावं सरकायला लागली. झालं.

"एवढंच?" दाजी म्हणाले.

"एवढंच," ताई म्हणाली. पण शेवटचं नाव वर जाईपर्यंत ती हलली नाही, आणि डोळे पुसायचंही तिनं लपवलं नाही. दाजी कधी तिच्याकडं बघत, कधी टीव्हीकडं.

"तुला असलं बी येतंय," ते हळूच म्हणाले, "कधी बोलली नाय."

"तुम्ही इचारलं कधी?" ताई म्हणाली आणि चपला घालायला लागली. दाजींनी तिची पिशवी उचलली.