औशाजवळचा हिरवा हौद

एसटीचं तिकीट, लातूर स्टँडवर चहा-भजी, पुढं औशापर्यंत काळीपिवळी. खिशातून एवढंच गेलं. खरा खर्च म्हणजे ऐन घटस्थापनेच्या तोंडावर माझी नांदेडची पनीरची भट्टी दिवसभर थंड राहिली. पण आमच्या नालीला वास सुटलाय, आणि त्यावरचा इलाज औशाजवळ गणपतरावांकडं आहे असं कळलं, म्हणून निघालो.

गणपतराव जुने दोस्त, खव्याची भट्टी चालवतात. कढया धुतलेलं पाणी ओढ्यात नासायचं. गाव वैतागलं. सोमवारच्या ग्रामसभेत पाणी साफ दिसलं नाही तर भट्टी बंद, असं ठरलेलं. लातुरात जैवतंत्रज्ञान शिकलेल्या त्यांच्या लेकीनं, सुनीतानं, हौदात सुती पट्टे टांगले. त्यांवर उन्हावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा हिरवा, बुळबुळीत थर धरतो. पाण्यातली घाण हेच त्याचं खाणं. वाढलेला थर खरवडला की शेताला खत.

लोहा-अहमदपूर रस्त्यानं जाणार असाल तर खिडकी धरा. मला मात्र मळभच दिसलं, आणि पुलापुलाखाली वाकळा धुणाऱ्या बाया. घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायचं, त्याला आमच्याकडं दसरा काढणं म्हणतात. मागच्या सीटवर एक जण सांगत होती, "सासूनं दसरा काढायला बोलावलं, माय. दिवाळीला बोलवायचं बरं ध्यानात राहत न्हाई."

हौदाशी पोचलो तर गणपतराव दोरीजवळ उभे. सुनीता नुकतीच लातूरहून आलेली, पायरीवर बसून. दोरीवर पट्टे वाळत होते, पांढरेशुभ्र.

"समद्या घराचा दसरा काढला," मदतीला आलेली निलंग्याची आत्या म्हणाली. "म्हणलं, हे बी लई शेवाळलंय. साबण लावून धोपटले."

"आत्या, ते जिवंत होतं."

"म्हंजे?"

सुनीतानं उठून दोरीवरचा एक पट्टा चाचपून पाहिला.

"परत धरंल का?" मी विचारलं.

"धरेल की काका. महिना तरी जाईल."

ग्रामसभा परवावर आलेली. गणपतराव पुटपुटले, "सरपंचाला म्हणून बसलो, ओढा काचंसारखा करून दाखवतो."

आत्यानं भाकरी, अंबाडीची भाजी वाढली. स्वतः जेवली नाही. निघताना मला राहवलं नाही. म्हणालो, "सुनीता, नांदेडला ये. माझ्या नालीवर दिवाळीच्या आत हौद उभा करू. मी शब्दाचा पक्का हाय."

ती नुसती हसली.

मंगळवारी फोन आला, भट्टीला कुलूप लागलं. असं काही बसवणार असाल तर धुणंधुवण करणाऱ्या माणसाला आधी हौदाशी न्या आणि त्या हिरव्यावर हात ठेवायला लावा. मी त्या प्रवासातून एवढंच घेऊन आलो.

दिवाळी होऊन गेली. सुनीता लातुरात एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. मी अजून हौद खोदलेला नाही.